खोडमाशी आधीची, सोयाबीन नंतरचं

भालकी, औराद, बसवकल्याण या बाजूला खरीप म्हटलं की पूर्वी उडीद, मूग, तूर आणि ज्वारी एवढीच नावं निघायची. आज बीदर जिल्ह्याची ओळख कर्नाटकातला सोयाबीनचा जिल्हा अशी आहे. पीक वाढलं तशी खोडमाशीही सर्वांच्या तोंडी झाली. मग ही कीड सोयाबीनबरोबरच आली, मध्य प्रदेशातल्या बियाण्याच्या पोत्यांतून उतरली, असा समज होणं साहजिक होतं. मला तो पटत नाही. माशी या मुलखात सोयाबीनच्या आधीपासून असली पाहिजे आणि नव्या पिकाने तिला फक्त रान मोकळं करून दिलं. याचा पुरावा पेरणीच्या आकडेवारीत शोधून मिळणार नाही. तो मिळतो या माशीला शास्त्रज्ञांनी कसं ओळखलं, कुठल्या नावाखाली ठेवलं, त्या इतिहासात.

आधी कीड नीट पाहू. शेंड्याकडे मलूल झालेलं झाड उपटून खोड ब्लेडने उभं चिरलं, तर पांढऱ्या भेंडाच्या जागी तांबूस, नागमोडी पोकळी दिसते. तिच्यात बिनपायाची फिकट पिवळसर अळी असते, नाहीतर तपकिरी कोष. माशी अंडी घालते पानात. अळी शिरेतून देठात आणि देठातून खोडात उतरते. कोषात जाण्याआधी ती खोडाला एक बारीक भोक पाडून ठेवते, म्हणजे माशीला बाहेर पडायची वाट तयार राहते. सोयाबीनची दुसरी कीड, चक्रीभुंगा, तिच्या खापा बाहेरून दिसतात. खोडमाशी लागलेलं झाड मात्र बऱ्याचदा शेवटपर्यंत हिरवंच राहतं. माशी जेमतेम दोन मिलिमीटरची, काळी, चकचकीत. शेतात उभं राहून ती ओळखणं कुणालाच शक्य नाही, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

खोडमाशीच्या कुळातल्या माशांसाठी फालेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८१० मध्ये अ‍ॅग्रोमायझा ही प्रजाती मांडली आणि पुढची शंभर वर्षं पानं-खोडं पोखरणारी बहुतेक काळी माशी त्याच खणात टाकली गेली. घेवड्याच्या खोडातली माशी हेन्री ट्रायन यांनी १८९५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधून नोंदवली, तीही भलत्याच प्रजातीत. सोयाबीनच्या खोडातली माशी लिओ झेन्टनर यांनी १९०० मध्ये जावातून वर्णिली. तुरीच्या शेंगेत राहणाऱ्या शेंगमाशीचं वर्णन मॅलक यांनी १९१४ मध्ये केलं. १९२० मध्ये हेन्डेल यांनी मेलॅनअ‍ॅग्रोमायझा हा वेगळा गट काढला. सोयाबीनची खोडमाशी आणि तुरीची शेंगमाशी दोघी त्यात गेल्या. घेवड्याची माशीही बराच काळ तिथेच राहिली आणि नंतर ओफिओमायिया या प्रजातीत हलली. हे वाद मिटले ते केनेथ स्पेन्सर यांच्यासारख्या अभ्यासकांनी नराचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला सुरुवात केल्यावर. त्यांचा शेतीच्या उपद्रवी माशांवरचा मोठा ग्रंथ १९७३ चा. त्याच वर्षी आग्र्याच्या सेंट जॉन्स कॉलेजातून भारतातल्या या कुळाचा आढावाही छापला गेला. नराच्या तोंडाजवळच्या केसांचा झुपका, अळीच्या मागच्या टोकाची श्वासरंध्रं, कोष भेंडात की खोडाच्या बुडाशी सालीखाली, अशा खुणा जुळवल्या तेव्हा कुठे ‘खोडातली काळी माशी’ ही एक नसून अनेक आहेत हे पक्कं झालं. तात्पर्य, विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या कागदांत उडदा-मुगावरच्या अशा माशीचा उल्लेख आला असेल, तर तो आजच्या नावाने सापडणार नाही. जुन्या नोंदीत सोयाबीनची माशी नाही म्हणून ती शेतातही नव्हती, हा निष्कर्ष म्हणूनच लंगडा आहे.

आता बियाण्याची गोष्ट. ही अळी ओल्या खोडात जगते, कोषही खोडातच करते. सुकलेल्या दाण्याशी तिचा संबंध नाही. पोत्यातून तिने प्रवास करायचा तर बियाण्यात खोडांचे तुकडेच यायला हवेत, आणि तेही जिवंत कोषासकट. पीक आणि माशी जोडीने परदेशी जातच नाहीत असं मात्र नाही. आपल्या शतावरीच्या गणातली जी भाजी युरोपात खातात, तिच्या खोडातली माशी लोएव यांनी १८६९ मध्ये अमेरिकेतल्या नमुन्यांवरून वर्णिली, आणि ते पीक तर तिकडे युरोपातून गेलेलं. पण त्या भाजीची लागवड मुळांच्या गड्ड्यांनी करता येते. गड्ड्याला खोडाचा बुडखा चिकटलेला असला की कोषाला फुकटचं तिकीट मिळतं. सोयाबीनला ही सोय नाही. ब्राझीलचा दाखला याहून बोलका आहे. तिथे सोयाबीनचा मोठा विस्तार १९६०-७० च्या दशकांपासूनचा, आणि आपल्या या खोडमाशीची खात्रीशीर ओळख, डीएनए तपासून, पटली ती २०१५ च्या सुमारास. बियाण्याबरोबर माशी जात असती तर तिथल्या शेतकऱ्यांना ती दोन पिढ्यांआधीच भेटायला हवी होती.

यावर बिनतोड वाटणारा प्रश्न असा की माशी आधीपासून होती, तर आजोबांच्या काळात तिची ओरड का नव्हती? एकतर ती फक्त सोयाबीनवर जगत नाही. मूग, उडीद, चवळी यांच्या खोडांतही ती वाढते. पण मूग-उडीद अडीच महिन्यांत निघतात, बऱ्याचदा तुरीच्या ओळींमध्ये विखुरलेले असतात, आणि चार झाडं खंगली तरी राशीच्या वेळी कुणाच्या लक्षात येत नाही. सोयाबीन सलग, एकाच पावसावर, गावच्या गाव एकदम पेरलं जातं, आणि बराच काळ तर जेएस ३३५ हे एकच वाण दूरवर पसरलं होतं. तीन-चार आठवड्यांत नवी पिढी काढणाऱ्या माशीला आणखी काय हवं? आपल्याकडे हे पहिल्यांदा घडलेलंही नाही. ज्वारीच्या पोंग्यातली माशी देशी वाणांवर निमूट होती. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे संकरित वाण आलं आणि तीच माशी मोठी कीड ठरली. तिलाही आपण खोडमाशीच म्हणतो, कूळ मात्र घरमाशीचं. कलबुरगीची तूर तर देशभर नावाजलेली, २०१९ मध्ये तिथल्या डाळीला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या तुरीच्या शेंगेतली शेंगमाशी परकी आहे असं कुणी म्हणत नाही, कारण तूरच या देशातली. सोयाबीनची खोडमाशी तिची सख्खी बहीण. फक्त तिचं नवं यजमान पीक परकं, म्हणून तिच्यावरही उपरेपणाचा शिक्का बसला.

हा पुरावा अनुमानाचा आहे, प्रत्यक्ष साक्षीचा नाही, हे मान्य. साक्ष हुकण्याला या मुलखाचा इतिहासही थोडा जबाबदार असावा. १९४८ पर्यंत निजामाचा अंमल. १९५६ च्या पुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद म्हैसूर राज्यात. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं, धारवाडचं १९८६ चं, रायचूरचं २००९ चं. एकाच मांजरेच्या खोऱ्यातली एकच माशी दोन राज्यांच्या दप्तरांत आणि दोन भाषांच्या सल्लापत्रकांत विभागली गेली. उदगीरची नोंद औरादच्या इतिहासात धरायची, हे कुणाचंच काम नव्हतं.

माशी इथलीच धरली तर व्यवहारात एक हिशोब बदलतो. सोयाबीनच्या रानात पुढच्या हंगामात उडीद किंवा मूग घेतला, की फेरपालट झाली असं आपण धरतो. जमिनीच्या दृष्टीने तिचा जो फायदा असेल तो असो. माशीला मात्र तिचं जुनंच घर परत मिळतं. ज्वारी पेरली तर गोष्ट वेगळी, कारण तिच्या पोंग्यातल्या माशीचा सोयाबीनशी काडीचा संबंध नाही, आणि सोयाबीनच्या माशीला ज्वारीच्या ताटात जगता येत नाही.