शब्दवेध : झतों
कॅसिनोतल्या चकतीला फ्रेंचमध्ये ‘झतों’ म्हणतात. हा शब्द ‘झते’, म्हणजे टाकणे, या क्रियापदावरून आला; पण हे टाकणे फाशांचे नव्हे, हिशेबाचे. मध्ययुगीन फ्रान्समधले कारकून रेघा आखलेल्या पटावर चकत्या मांडून बेरीज-वजाबाकी करत. सोळाव्या शतकात न्यूरेंबर्ग हे त्या घडवण्याचे मोठे केंद्र होते. लेखी आकडेमोड रुळली आणि चकत्या खेळाच्या मेजावर उरल्या.

म्हणून चिपचे मूळ नाण्यात नव्हे, हिशेबात शोधायला हवे. यावर आक्षेप येईल : १९६५च्या सुमारास चांदीच्या डॉलरची टंचाई झाली, तेव्हा नेवाडाच्या कॅसिनोंत धातूची टोकने नाण्यांच्या जागी आलीच ना? आली, पण नेवाडाचे नियम चिप आणि टोकन, दोन्हींना कॅसिनोच्या देण्याचा पुरावाच मानतात. चकती देणे नोंदवते, फेडतो तो पैसाच.