माहितीपुस्तिकेचा संकेतस्थळापर्यंतचा प्रवास

सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका छापील पुस्तकात, पीडीएफमध्ये आणि संकेतस्थळावर द्यायची, तर तोच मजकूर तीनदा लिहिणे परवडत नाही. ही अडचण ‘डॉकबुक’ या पद्धतीने दूर होते. हॅल कॉम्प्युटर सिस्टिम्स व ओ’रायली या कंपन्यांनी १९९१ च्या सुमारास तिचा पाया घातला. ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ या डेटाबेसची पुस्तिका आजही डॉकबुकमध्येच लिहिली जाते.

अक्षर ठळक हवे की तिरपे, हे येथे लेखक सांगत नाही. हे प्रकरण, ही आज्ञा, हे फाइलचे नाव, एवढेच तो ‘टॅग’ नावाच्या खुणांनी नोंदवतो. बाह्यरूप नंतर ‘स्टाइलशीट’ ठरवते.

रूपांतरापूर्वी फाइलची तपासणी दोन पातळ्यांवर होते. पहिली रचनेची : उघडलेली प्रत्येक खूण बंद झाली आहे का? दुसरी वैधतेची : खुणा नियमावलीनुसार योग्य जागी आहेत का? ‘एक्सएमएललिंट’ हा प्रोग्राम ही दोन्ही कामे करतो आणि चुकीच्या ओळीचा क्रमांकही दाखवतो. त्यानंतर ‘एक्सएसएलटीप्रॉक’ त्या फाइलपासून एचटीएमएल पाने तयार करतो. संपूर्ण पुस्तिका एकाच पानावर द्यावी की प्रकरणवार, हेही ठरवता येते.

मात्र यंत्र रचना तपासते, अर्थ नव्हे. मजकूर देखणा करणारी काही साधने आज्ञेतील दोन जोडरेघांची एक लांब रेघ करतात. पान सुबक दिसते. पण वाचकाने ती आज्ञा जशीच्या तशी संगणकाला दिली, तर ती चालत नाही. साधा मजकूर थेट एचटीएमएलमध्ये टाकला, तर कोनी कंसातील शब्दांना ब्राउझर खूण समजतो आणि ते पडद्यावरून नाहीसे होतात. जुन्या फॉण्टमधील मराठी मजकूर युनिकोडमध्ये न आणता वापरला, तर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. तपासणी प्रोग्राम तिलाही निर्दोष ठरवू शकतो, कारण खुणा आपापल्या जागी असतात.

पद्धती बदलत राहतात. ‘फ्रीबीएसडी’ प्रकल्पाने २०२१ मध्ये डॉकबुक सोडून ‘आस्कीडॉक’ स्वीकारले. अखेरची तपासणी मात्र दोन्हीकडे सारखीच. प्रसिद्ध झालेल्या पानावरून आज्ञा उचलून ती प्रत्यक्ष चालवून पाहावी. वाचक तेच करणार असतो.