एका वेलीचे नाव

जुन्या चीनमध्ये गळवे, नायटे, खरूज, इसब अशा अंगावर दिसणाऱ्या रोगांवर उपचार करणारा वैद्य हा नाडी पाहून काढे देणाऱ्या वैद्याच्या मानाने एक पायरी खालचा समजला जाई. अशांपैकीच एक, जिआंग्सू प्रांतातील नानतोंगचा चेन शिगोंग, याने आपल्या चाळीस वर्षांहून अधिक काळच्या अनुभवाचे सार इ. स. १६१७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ‘वाइके झेंगझोंग’ या त्या ग्रंथात ‘शियाओफेंग सान’, म्हणजे वायू घालविणारे चूर्ण, या नावाची एक कृती आहे. खाज आज इथे तर उद्या तिथे उठते, वाऱ्यासारखी फिरते. तेव्हा तिच्या मुळाशी वायू असला पाहिजे, आणि कातडी लाल होते ती रक्तातील उष्णतेने, असा त्यामागचा विचार. आपल्याकडील वैद्यांना तो सर्वस्वी परका वाटू नये. कृतीत तीळ आहेत, ज्येष्ठमधाच्या जातीचे मूळ आहे, जिप्सम आहे, उन्हाळ्यात झाडावर किरकिरणाऱ्या सिकाडा किड्याने टाकलेली कातही आहे. आणि शेवटी, उष्णता लघवीवाटे उतरावी म्हणून, मुतोंग नावाच्या वेलीचे खोड आहे.

मुतोंग म्हणजे आरपार वाट असलेले लाकूड. या खोडाच्या आडव्या कापात बारीक छिद्रे दिसतात, आणि ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळी असतात. त्या काळच्या वनस्पतिग्रंथांतील वर्णने अकेबिया नावाच्या वेलीशी जुळतात. पण नाव पडले ते रूपावरून, आणि असे रूप काही एकाच वेलीला मिळालेले नाही. पुढे चिंग राजवटीत सेचुआन प्रांतातील क्लेमॅटिसची वेल ‘च्वान मुतोंग’ म्हणून चालू लागली, आणि विसाव्या शतकात ईशान्येकडून, मांचुरियातून, ‘ग्वान मुतोंग’ आली. ही तिसरी वेल ॲरिस्टोलोकिया वर्गातील. आपल्याकडील सापसंद आणि कीडामारी याच वर्गातल्या. स्वस्त आणि मुबलक म्हणून तिने बाजार व्यापला. काष्ठौषधींच्या दुकानातील खणावर मात्र चिठ्ठी एकच राहिली: मुतोंग.

आता लंडनकडे वळू. १९८० नंतरच्या दशकात तेथील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या बालरुग्णालयातील त्वचारोगतज्ज्ञांच्या ध्यानात आले की, आपल्या मलमांना दाद न देणारी इसबाची काही मुले बरी होऊन येत आहेत. चौकशी करता सोहो भागातील चिनी वस्तीत दिंग-हुई लुओ यांच्या दवाखान्याचा पत्ता लागला. तेथे मुलांना रोज कडू काढा दिला जाई. अशा वार्तेकडे नाक मुरडणे सोपे होते. डेव्हिड ॲथर्टन आणि त्यांचे सहकारी यांनी ते केले नाही. त्यांनी काढा कसोटीला लावला.

त्यात अडचण अशी की, चिनी वैद्य प्रत्येक रोग्यासाठी कृती बदलतो आणि चाचणीला तर सर्वांसाठी एकच कृती हवी. तडजोड म्हणून दहा वनस्पतींचा एक ठराविक काढा ठरला आणि त्याला योग्य असे, अंगभर पसरलेल्या परंतु न पाझरणाऱ्या इसबाचे रोगी निवडले गेले. दहांत आपला गोखरू आहे. चव-वासाला तसाच पण निरुपयोगी असा दुसरा काढाही केला होता. कोणाला कधी कोणता, हे गुप्त. १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सत्तेचाळीस मुलांपैकी सदतीस जणांनी चाचणी पुरी केली. त्यांच्यात त्वचेची लाली खऱ्या काढ्याने मध्यमानाने ५१ टक्क्यांनी उतरली, खोट्याने ६ टक्क्यांनी. प्रौढांवरील चाचणीतही हाच कल दिसला. रात्र रात्र खाजवून रक्तबंबाळ होणाऱ्या मुलाच्या आईबापांना या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पुढे हाँगकाँगमध्ये चिनी रोग्यांवरच झालेल्या चाचणीत (१९९९) मात्र असा लाभ दिसला नाही; तेव्हा हा प्रश्न सुटला असे म्हणवत नाही.

चाचणीच्या काढ्यात मुतोंग होतीच; पण ती क्लेमॅटिसची, आणि तसे नाव लिहून निवडलेली. दुकानातून पुडी घेणाऱ्याला हा भरवसा कोण देणार? यकृताला इजा झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या होत्याच. १९९३ मध्ये बेल्जियमहून बातमी आली: वजन उतरविण्याच्या औषधात ‘फांगजी’ या नावाखाली एका मुळीऐवजी ॲरिस्टोलोकियाची मुळी गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. १९९९ मध्ये इंग्लंडातील इसबाच्या दोन रोग्यांचीही तीच गत झाल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांच्या काढ्यात ॲरिस्टोलोकिया होती. तिच्यातील आम्ल मूत्रपिंडाचा हळूहळू निबर व्रण करून टाकते आणि मूत्रमार्गाच्या कर्करोगालाही कारण होते. लघवी साफ व्हावी म्हणून योजलेल्या वेलीच्या जागी ही यावी! त्याच वर्षी लंडनमध्ये ‘वनौषधींची’ म्हणून दिलेली अकरा मलमे तपासली, तर आठांत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड निघाले. ती तर नामसाम्याची चूक नव्हे, उघड लबाडी होय.

हे केवळ चिनी दुखणे नाही. उत्तरेत शंखपुष्पी मागा, एक वनस्पती हाती येईल. केरळात त्याच नावाने आपली गोकर्ण मिळेल. रास्नेची तर प्रांतागणिक निराळी मुळी. बदलीच्या गावी घरचा जुना कागद घेऊन काष्ठौषधींच्या दुकानात गेलेल्यांना याचा अनुभव असेल.

चेन शिगोंगने ग्रंथात वैद्यांसाठी पाच निषेध आणि दहा नियम घालून दिले आहेत. गरिबाकडे आणि श्रीमंताकडे सारख्याच तत्परतेने जावे, हे त्यांत आहे. तसेच औषधे पारखून घ्यावीत आणि परंपरेप्रमाणे शुद्ध करावीत, हेही आहे. म्हणजे हे ओझे त्याने वैद्याच्याच माथी ठेवले होते. वैद्य आणि वेल यांच्यामध्ये आडते, गोदामे आणि जहाजे उभी राहिल्यावर ते कोणाच्याच माथी राहिले नाही. ब्रिटनने १९९९ मध्ये ॲरिस्टोलोकियावर बंदी घातली. चीनने २००३ मध्ये ग्वान मुतोंगची अधिकृत मान्यता काढून घेतली. जपानच्या औषधकोशात ‘मोकुत्सू’ म्हणजे मुतोंग या नावाखाली आजही अकेबियाच आहे.