बाळंतविड्याची कुळकथा

पैनगंगा आणि वर्धा या नद्यांच्या दुआबात पसरलेला, 1905 पर्यंत सरकारी दप्तरात वणी जिल्हा म्हणून नोंदला गेलेला आणि तेव्हापासून यवतमाळ या नावाने ओळखला जाणारा जो काळ्या मातीचा मुलूख, तेथे लेक किंवा सून गर्भार असल्याची वार्ता पक्की झाली, की घरातील वडीलधाऱ्या बाईचे लक्ष प्रथम बाजाराकडे न जाता पेटाऱ्याच्या तळाकडे जाई. तेथे वर्षानुवर्षे नेसून विरलेले नऊवारी लुगडे, आजोबांचे मऊ झालेले धोतर, एखादा जुना पंचा अशी वस्त्रे राखून ठेवलेली असत. ती पुन्हा धुऊन, कडक उन्हात वाळवून, त्यांचे चौकोन फाडून, कडेचे दोरे काढून टाकून दुपटी, लंगोट आणि अंगपुसणी सिद्ध केली जात आणि त्यांचे गाठोडे स्वतंत्र बांधून ठेवले जाई. नवजात अर्भकाच्या सामग्रीचा जो कुलवृत्तान्त येथे सांगावयाचा आहे, त्याचा मूळ पुरुष हे जुनेर होय.

या निवडीत काटकसर होती, तशीच वस्त्राची पारखही होती. कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा सूक्ष्म लेप असतो, विणकर ताण्याला खळ चढवतो, आणि त्यामुळे कोरे कापड अंगाला टोचते व पाणीही चटकन शोषून घेत नाही. परंतु परटाच्या भट्टीतून आणि नदीवरच्या धोंड्यावरून अनेक वर्षे गेलेल्या वस्त्रातील मेण व खळ निघून जाते, तंतू सैल होतात आणि त्या वस्त्राला मृदुता व शोषकता हे दोन्ही गुण प्राप्त होतात. शिवाय सोयरसुतकाच्या दहा दिवसांत वापरलेली वस्त्रे पुष्कळ घरी टाकून देण्याचा परिपाठ असल्यामुळे नव्या कापडाचा व्यय त्या काळात सामान्य घराला परवडण्याजोगा नव्हता. म्हणून नवे वस्त्र अर्भकाच्या अंगाला लागावयाचे ते शुद्धी झाल्यानंतर, बहुधा बारशाच्या दिवशी, असा रिवाज पडला.

शास्त्रग्रंथांत ही पूर्वतयारी फार प्राचीन काळापासून नमूद आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात, नववा महिना लागण्यापूर्वी सूतिकागार उभारून त्यात तूप, तेल, मध, सैंधव इत्यादी जिन्नस, बिल्ववृक्षाच्या लाकडाचे पलंग, सोन्यारुप्याच्या सुया, तीक्ष्ण लोखंडी शस्त्रे आणि अग्नी प्रज्वलित ठेवण्यासाठी तिंदुकाचे सरपण जमवावे, असे सांगितले आहे. हा तिंदुक म्हणजे यवतमाळच्या रानात विपुल आढळणारी, जिच्या पानांच्या विड्या वळल्या जातात ती टेंभुर्णी. अर्भकाचे अंथरूण-पांघरूण मृदू, हलके, शुचि आणि सुगंधी असावे, मळलेले टाकून द्यावे, ते शक्य नसेल तर धुऊन, धुरी देऊन, सुकवून पुन्हा वापरावे, आणि त्या धुरीसाठी जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड अशी द्रव्ये योजावीत, हा तपशीलही तेथेच सापडतो. वऱ्हाडातल्या बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यावर ओवा, शेपा आणि वेखंड टाकण्याची वहिवाट त्याच परंपरेतली म्हणावी लागेल. परंतु चरकाच्या यादीतील विशेष लक्षणीय नोंद कोणत्याही द्रव्याची नाही. जिन्नसांच्या आणि शस्त्रांच्या पंक्तीतच चरकाने अनेक वेळा प्रसूत झालेल्या, अनुभवी, ममताळू आणि कष्टाला न कंटाळणाऱ्या स्त्रियाही जमवावयास सांगितल्या आहेत. माणसाचाही अंतर्भाव सामग्रीत करणारी ही दृष्टी ध्यानात ठेवली, म्हणजे पुढील इतिहासाचा अर्थ नीट लागतो.

घरच्या गाठोड्याला आप्तेष्टांच्या आहेराची जोड मिळाली, तेव्हा बाळंतविडा हा संस्थारूप रिवाज आकारास आला. अर्भकासाठी झबले, टोपडे, कुंची व दुपटे, बाळंतिणीसाठी लुगडे-चोळी, आणि त्यांबरोबर खोबरे, खारका, डिंक, सुंठ, अळीव असे पौष्टिक जिन्नस घेऊन नात्यातल्या बाया व शेजारणी येत. झबल्याला गुंडीऐवजी बंद लावलेले असत, जेणेकरून कोवळ्या अंगाला काही रुतू नये आणि मूल वाढले तरी बंद सैल करून तेच झबले काही महिने चालावे; कुंचीने मस्तक, कान आणि पाठ एकदमच झाकली जात, आणि अर्भकाच्या देहाच्या मानाने त्याचे मस्तक मोठे असून तेथूनच उष्णता पुष्कळ निघून जात असल्याने ही योजना शरीरशास्त्रालाही धरून होती. अर्भकाला ज्यात निजवीत ते सूप या भागात बहुधा बुरुडाच्या किंवा बांबूकामात निष्णात असलेल्या कोलाम आदिवासींच्या हातचे असे. पाचव्या रात्री पाट्यावर सटवाईची पूजा मांडून, ललाटरेखा लिहिण्यासाठी तिच्यापुढे कोरा कागद व लेखणी ठेवून बाया जागरण करीत. जन्मानंतरचा पहिला आठवडा हाच अर्भकाला सर्वांत घातक असतो, हे सत्य त्या जागरणाच्या मुळाशी होते, आणि पूजेच्या निमित्ताने त्या रात्री चार जागी माणसे मुलाभोवती असत, हा त्याचा ऐहिक लाभ होता.

या वस्त्रांचा पुढचा इतिहास कापसाच्या व्यापाराशी जखडलेला आहे. 1853 च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारकडे आला, 1861 ते 1865 या अमेरिकेतील यादवीच्या काळात तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लांब व मऊ धाग्याची ‘बनी’ ही जात ज्या शेतांत होत असे, तेथे अधिक उतारा देणारी, परंतु आखूड व भरड धाग्याची ‘जरी’ हळूहळू पसरली. रुईचे गठ्ठे रेल्वेने मुंबईकडे जाऊ लागले आणि त्यांच्या बदल्यात गिरणीचे स्वस्त कापड खेड्यापाड्यांच्या बाजारांत येऊ लागले. हातमागावर जाडेभरडे कापड विणणाऱ्या महार आणि कोष्टी कुटुंबांची वृत्ती त्यात बुडाली. पण नवे कापड सामान्य गृहिणीच्या आवाक्यात आल्याने तयार झबली-टोपडी शिंप्याच्या यंत्रावर शिवून मिळू लागली, आणि बाळंतविडा घरात सिद्ध होण्याऐवजी दुकानातून विकत आणण्याची पद्धत रूढ झाली. ज्या प्रदेशातील माती कापसासाठी जगात प्रख्यात, तेथील मुलाच्या अंगावरचे नवे झबले पुष्कळदा परमुलखात विणलेले असे, ही त्या व्यापाराची परिणती होय.

सर्वांत मोठी उणीव मात्र वस्त्रांत नसून शस्त्रात होती. नाळ कापण्यासाठी सुईण जो विळा किंवा बांबूची कांब वापरी, तिच्यावरील मातीतून धनुर्वाताचे जंतू अर्भकाच्या देहात शिरत, आणि काही दिवसांतच दूध ओढणे थांबून मूल दगावे. लोक त्याचा ठपका सटवाईवर ठेवीत. निर्जंतुक पाते, स्वच्छ दोरा आणि साबण एवढ्यांची लहानशी पुडी दायांच्या हाती देण्याची तजवीज आरोग्यखात्याने केली, गर्भवतींना धनुर्वाताची लस टोचली जाऊ लागली, रुग्णालयातील प्रसूतींचे प्रमाण वाढत गेले, आणि 2015 साली भारतातून माता व नवजातांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले.

पेटाऱ्यातून आहेरात, आहेरातून बाजारी आलेली ही सामग्री अखेर सरकारदरबारी पोहोचली. फिनलंडच्या सरकारने 1938 साली अल्प उत्पन्नाच्या मातांना अर्भकाचे कपडे व अंथरूण भरलेली पेटी देण्यास आरंभ केला आणि 1949 पासून ती सर्व मातांना मुक्रर केली. परंतु गर्भारपणाचा चौथा महिना संपण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घेतली असली पाहिजे, अशी अट तिला जोडली. कपड्यांच्या मिषाने स्त्रीला दवाखान्याच्या उंबरठ्यावर आणणे, हा त्या दानाचा खरा हेतू. महाराष्ट्र शासनानेही 2019 साली शासकीय रुग्णालयांत होणाऱ्या पहिल्या प्रसूतीसाठी बाळाचे कपडे, पांघरूण, मच्छरदाणी, तापमापक इत्यादी वस्तूंचा संच देण्याची योजना सुरू केली, आणि ज्यांना माहेरचा आधार नाही अशा मातांनाही बाळंतविडा हक्काने मिळावा, हे तत्त्व तिने मान्य केले.

तथापि वस्तू पोहोचली म्हणजे कर्तव्य संपले, असे मानता येत नाही, याचे प्रमाण विदर्भातच उपलब्ध आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील 39 गावांत, गावातल्याच स्त्रियांना शिकवून, घरी जाऊन नवजातांची निगा राखण्याचा प्रयोग केला. या स्त्रियांच्या थैलीत तापमापक, वजनकाटा आणि औषधे होती, थंड पडलेल्या अर्भकासाठी उबदार पिशवी होती. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात-मृत्यूचे प्रमाण, असा प्रयोग न झालेल्या गावांच्या तुलनेत, 62 टक्क्यांनी उतरले. ती थैली दवाखान्याच्या कपाटात कुलूपबंद राहिली असती, तर हा परिणाम घडला नसता. ती उघडणारी, मुलाचा श्वास मोजणारी आणि आईला अंगावर पाजण्याची रीत दाखवणारी बाई ठरलेल्या दिवशी घरात येत होती, म्हणून तो घडला. 2011 पासून ही पद्धत देशभर स्वीकारली गेली आणि दवाखान्यात जन्मलेल्या मुलाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी आशा कार्यकर्तीने जावे, असा दंडक झाला. झबले, दुपटे, तापमापक हे जिन्नस बाजारात किंवा सरकारी भांडारात केव्हाही मिळू शकतील; परंतु बाळंतविड्याचे मोल आजवर वाढत आले ते तो घेऊन येणाऱ्या जाणत्या स्त्रीमुळे, आणि यवतमाळातल्या झरी-जामणीच्या कोलामपोडावर किंवा दिग्रसच्या तांड्यावर जन्मलेल्या मुलासाठी काय काय लागेल याची फर्द जेव्हा सरकार वा घर तयार करील, तेव्हा तिच्या येण्याचा दिवस त्या फर्दीत सर्वांत वर लिहिला गेला पाहिजे.