दूरच्या यंत्राची किल्ली

घरच्या विंडोज संगणकापुढें बसून शेंकडों मैलांवरील लिनक्स संगणकास आज्ञा देणें ही आतां नित्याची गोष्ट झाली आहे. आज्ञा देणारा जागचा हालत नाहीं. प्रवास करतात तीं केवळ अक्षरें. परंतु या वाटेवर पूर्वीं संरक्षण असें नव्हतेंच.

दि. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं लॉस एंजेलिस येथील विद्यापीठांतून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकांत प्रवेश करण्याचा प्रयत्न झाला. 'लॉगिन' या इंग्रजी शब्दाचीं पहिलीं दोन अक्षरें पोंचलीं आणि पलीकडचें यंत्र बंद पडलें! सुमारें तासाभरानें मात्र यश आलें. त्याच सुमारास उगम पावलेली टेलनेट ही पद्धति पुढें २५ वर्षें प्रचारांत राहिली. तिचा दोष एकच, पण मोठा होता. परवलीचा शब्द तींत उघड्या पोस्टकार्डाप्रमाणें जात असे; वाटेंत टपून बसलेल्या कोणासही तो वाचतां येई.

१९९५ सालीं हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यांत असे शब्द चोरीस गेले. तेव्हां तेथील संशोधक तातू इलोनेन यांनीं 'एसएसएच' ही पद्धति रचली व जुलै महिन्यांत ती विनामूल्य खुली केली. वर्षअखेरीस ५० देशांतील सुमारें २०,००० लोक ती वापरूं लागले होते. हींत दोन्ही यंत्रें प्रथम एक गुप्त संकेत ठरवितात, व पुढील सर्व मजकूर त्या संकेतांतच जातो. शिवाय परवलीच्या शब्दाऐवजीं किल्ल्यांची जोडीहि वापरतां येते. उघडी किल्ली दूरच्या यंत्रावर ठेवावयाची. गुप्त किल्ली घराबाहेर जात नाहीं. गुप्त किल्लीनें केलेली सही उघड्या किल्लीनें पडताळली, कीं द्वार उघडतें.

१९९९ सालीं सायमन टॅथम यांच्या 'पुटी'मुळें ही सोय विंडोजवाल्यांच्या घरांत विनामूल्य आली. त्याच वर्षीं ओपनबीएसडीच्या मंडळींनीं 'ओपनएसएसएच' सिद्ध केली. २०१८ मध्यें तिचाच प्रवेशक विंडोज १० मध्यें अंगभूत झाला.

तथापि एक गोष्ट यंत्रावर सोंपवितां आलेली नाहीं. प्रथम भेटींत दूरच्या यंत्राचा ठसा दाखवून 'यावर विश्वास आहे काय?' असें विचारलें जातें. तो ठसा ताडून न पाहतां 'होय' म्हणणारा मनुष्य चोरालाहि यजमान समजूं शकतो. कुलूप कितीहि भक्कम असो, दार कोणाचें हें पाहण्याचें काम घरच्या माणसाचेंच आहे.