दिनविशेष : २८ जुलै
२०२५ : जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धेच्या अंतिम लढतीत नागपूरच्या १९ वर्षीय दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला नमवले. आधीचे दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले होते, टायब्रेकरचा पहिला जलद डावही तसाच. दुसऱ्या डावात काळी मोहरी दिव्याकडे होती. घड्याळाच्या तगाद्यात हम्पी चुकली आणि टायब्रेकर १.५-०.५ असा दिव्याच्या बाजूने फिरला. हम्पी ग्रँडमास्टर झाली २००२ मध्ये, दिव्याचा जन्म २००५चा! डाव संपताच आईच्या गळ्यात पडून दिव्या रडली. स्पर्धेआधी तिच्याकडे ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म नव्हता. या विजयाने तो किताब थेट मिळाला. दिव्या भारतातील एकूण ८८वी ग्रँडमास्टर. महिलांमध्ये चौथी आणि महाराष्ट्रातून पहिलीच.