कुळाचा कागद कोण लिहितो? सफोकच्या द ला पोल घराण्याची गोष्ट

मागे एकदा आमच्या अभ्यासवर्गात एक तरुण मित्र मोठ्या उत्साहाने सांगत होता, "आपले पूर्वज राजवंशातले होते, याचा पुरावा मिळालाय. आता आपल्याला कोण हलकं म्हणेल?" मी त्याला एवढंच विचारलं, "आणि पुरावा मिळाला नसता तर? मग आपण हलके ठरलो असतो का?" तो गप्प झाला. खरं तर मीही त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. ते उत्तर आज देतो. उदाहरण मात्र मुद्दाम दूरचं घेतो. इथल्या राजांची नावं काढली की चर्चा बाजूला राहते आणि भांडण सुरू होतं. मध्ययुगीन इंग्लंडातल्या एका सरदार घराण्याशी आपलं काही देणंघेणं नाही. तिथे कुळ कसं बनतं, कसं मोडतं, हे थंड डोक्याने बघता येईल.

सरदाराचं नाव विल्यम द ला पोल, सफोकचा पहिला ड्यूक. जन्म 1396, मृत्यू 1450. सहाव्या हेन्रीच्या दरबारात एके काळी याच्याइतका बलवान माणूस दुसरा नव्हता. राजाच्या लग्नाची बोलणी यानेच केली. 1444 मध्ये फ्रान्सशी तह केला, मार्क्विस झाला आणि 1448 मध्ये ड्यूक. आता याच्या पणजोबाकडे जाऊ.

पणजोबाचं नावही विल्यमच. हल नावाच्या बंदरातला तो लोकरीचा व्यापारी. त्या काळी इंग्लंडची श्रीमंती लोकरीवर उभी होती आणि राजांना लढायांसाठी सतत पैसा लागत होता. विल्यमने आणि त्याचा भाऊ रिचर्ड याने राजाला कर्ज द्यायला सुरुवात केली. फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर 1338-39 च्या सुमारास, अवघ्या दीडेक वर्षात, विल्यमने तिसऱ्या एडवर्डसाठी एक लाख पौंडांहून जास्त रक्कम उभी केली. बदल्यात जमिनी मिळाल्या, खजिन्याच्या न्यायालयात पद मिळालं. युद्ध फसलं तेव्हा 1340 मध्ये त्याच राजाने त्याला अटक करून किल्ल्यात डांबलं. पुढे सुटका झाली, कारण राजाला पुन्हा पैसा हवा होता. तो 1366 ला वारला तेव्हा घराण्याकडे जमीन होती, पैसा होता, पण सरदारकीचं कूळ नव्हतं.

ते मिळवलं मुलाने, मायकेलने. त्याने दोन गोष्टी केल्या. एक, तलवार हातात घेतली आणि फ्रान्सच्या मोहिमांत वर्षानुवर्षं लढला. दुसरी, सफोक परगण्यातल्या सर जॉन विंगफिल्डच्या वारस मुलीशी, कॅथरीनशी लग्न केलं. जुन्या घराण्याची जमीन आणि नाव दोन्ही पदरात पडलं. 1383 मध्ये तो चान्सलर झाला, म्हणजे राज्याचा सर्वोच्च अधिकारी. 1385 मध्ये दुसऱ्या रिचर्ड राजाने त्याला सफोकचा अर्ल केलं. सफोकचं अर्लपद आधी अफर्ड घराण्याकडे होतं. ते घराणं निर्वंश झालं, पद रिकामं होतं, राजाने ते व्यापाऱ्याच्या मुलाला दिलं.

जुन्या सरदारांना हे पचलं नाही. सेंट ऑल्बन्सच्या मठातला इतिहासकार थॉमस वॉल्सिंगहॅम याने लिहून ठेवलं की हा माणूस लढाईपेक्षा व्यापाराच्याच लायकीचा. लक्षात घ्या, हे कोणाबद्दल लिहिलंय? ज्याने ऐन उमेदीची वर्षं रणांगणावर घालवली त्याच्याबद्दल. माणसाने काय केलं हे बघायचंच नाही, बाप कोण होता एवढंच बघायचं. ही खोड फक्त आपल्याच देशाची आहे असं समजू नका.

1386 मध्ये संसदेने मायकेलवर महाभियोग चालवून त्याला पदावरून काढलं. पुढच्या वर्षी तो देश सोडून पळाला. 1388 मध्ये त्याच्या गैरहजेरीत त्याला देशद्रोही ठरवून अर्लपद आणि मालमत्ता काढून घेतली. 1389 ला तो पॅरिसमध्ये परागंदा अवस्थेत मेला. दहाएक वर्षांनी राजाने अर्लपद त्याच्या मुलाला परत दिलं. लगेच 1399 मध्ये राजा बदलला, तेव्हा नव्या राजाकडून ते पुन्हा मिळवावं लागलं. आता मला सांगा, या वर्षांत घराण्याच्या रक्तात काही बदल झाला होता का? रक्त तेच होतं. राजाचा शिक्का असला की कुळ थोर, शिक्का निघाला की कुळ संपलं.

हा मुलगा, दुसरा अर्ल, 1415 मध्ये हार्फ्लरच्या वेढ्यात हगवणीने मेला. महिनाभराने त्याचा मोठा मुलगा, तिसरा अर्ल, ॲजिनकोर्टच्या लढाईत पडला. मग एकोणीस वर्षांचा धाकटा मुलगा अर्ल झाला. हाच आपला विल्यम.

विल्यमच्या आयुष्यातला एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 1429 मध्ये जोन ऑफ आर्क या शेतकऱ्याच्या पोरीने ओर्लेआँचा वेढा मोडून काढला. त्यानंतर झार्झो या गावी विल्यम फ्रेंचांच्या हाती सापडला. असं सांगतात, की पकडणाऱ्या गियोम रेनोला त्याने विचारलं, "तू खानदानी आहेस का?" तो म्हणाला, "हो." "नाइट आहेस का?" "नाही." मग विल्यमने त्याला तिथेच, रणांगणावर, नाइट केलं आणि मगच शरणागती दिली. खालच्या दर्जाच्या माणसाच्या हाती पडलो असं कोणी म्हणायला नको! हसू येतं, पण विचार करा. कैद होणारा माणूस पकडणाऱ्याचा दर्जा दोन मिनिटांत वाढवतो. म्हणजे दर्जा नावाची गोष्ट किती सहज हाताने बनवता येते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तिच्यासाठी जीव धोक्यात घालायला तो तयार होता.

त्याची बायको ॲलिस ही कवी जेफ्री चॉसरची नात, आणि चॉसरचा बाप लंडनचा दारूचा व्यापारी. म्हणजे ड्यूक लोकरवाल्याचा पणतू आणि डचेस दारूवाल्याची पणती. 1437 मध्ये या दोघांनी यूएल्म गावी तेरा गरीब म्हाताऱ्यांसाठी निवारा काढला. त्या म्हाताऱ्यांनी रोज दात्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची, अशी व्यवस्था होती.

शेवट वाईट झाला. 1449 मध्ये नॉर्मंडी हातची जाऊ लागली आणि लोकांचा राग विल्यमवर उसळला. 1450 च्या आरंभी संसदेत त्याने बाजू मांडली: बाप हार्फ्लरला गेला, भाऊ ॲजिनकोर्टला, दोन भाऊ झार्झोला, एक भाऊ शत्रूकडे ओलीस असताना, आणि मी वीस हजार पौंड खंडणी भरून सुटलो. कोणी ऐकलं नाही. त्याच्यावर एक आरोप असा होता, की आपल्या लहान मुलाचं लग्न राजघराण्यातल्या मार्गारेट बोफर्ट या मुलीशी लावून तो मुलाला गादीवर बसवू पाहतो. राजाने त्याला वाचवण्यासाठी पाच वर्षांची हद्दपारी दिली. निघण्यापूर्वी त्याने सात वर्षांच्या मुलाला पत्र लिहिलं: देवाला भी, राजाशी इमान राख, आईचं ऐक, गर्विष्ठ आणि लोभी माणसांपासून दूर राहा. दोनच दिवसांनी समुद्रात एका जहाजाने त्याला गाठलं. छोट्या होडीत उतरवून खलाशांनी त्याचं डोकं उडवलं. गंजलेली तलवार, सहाएक घाव. ही हकिकत पॅस्टन घराण्याच्या पत्रव्यवहारात आली आहे, आणि ते काम जहाजावरच्या एका अगदी अडाणी माणसाने केलं असं तिथे लिहिलंय. झार्झोला पकडणाऱ्याला नाइट करता आलं होतं. इथे तेवढी उसंत कोणी दिली नाही.

हे पॅस्टन कोण? नॉरफोकमधलं घराणं. यांचा पूर्वज क्लेमंट स्वतः नांगर धरणारा शेतकरी. त्याचा मुलगा शिकून न्यायाधीश झाला आणि जमीन वाढली. जमीन वाढताच शत्रू म्हणू लागले, की हे तर जन्माने भूदास! आपल्या विल्यमचा मुलगा जॉन, दुसरा ड्यूक, याने 1465 मध्ये पॅस्टनांची हेल्सडनची वाडी उद्ध्वस्त केली. लोकरवाल्याचा वंशज नांगरवाल्याच्या वंशजाला चिरडत होता. दुसऱ्याच वर्षी पॅस्टनांनी राजासमोर वंशावळ ठेवली. राजाने जाहीर केलं, की हे फार पूर्वीपासूनचं खानदानी घराणं आहे. झालं! आजोबाचा नांगर कागदावरून पुसला गेला.

आणि ज्यांना कागद करून घेता आला नाही त्यांचं काय? भूदासाला जहागीर सोडून जाता येत नव्हतं, मुलीच्या लग्नासाठी जहागीरदाराला पैसे द्यावे लागत. वंशावळ त्यालाही होती! अमुक माणूस आपला भूदास आहे हे कोर्टात सिद्ध करायचं तर जहागीरदार त्याचे नातलग उभे करी. त्यांनी "आम्ही भूदास" असं कबूल केलं की याच्याही गळ्यात दोर. सरदाराची वंशावळ हक्क सांगायला आणि कष्टकऱ्याची बांधून ठेवायला. 1381 मध्ये शेतकऱ्यांनी बंड केलं तेव्हा ठिकठिकाणी जहागिरीची दप्तरं जाळली. साधू जॉन बॉल लोकांना सांगत होता, की आरंभी सगळे समान होते, दास्य माणसांनीच लादलं. त्याला त्याच वर्षी फाशी झाली. पण दप्तर जाळणाऱ्यांना नेमकं कळलं होतं, की आपली बेडी लोखंडाची नसून कागदाची आहे.

इथे एक सावधगिरी. "म्हणजे त्यांच्याकडेही जातच होती" असं कोणी म्हणेल, तर ते चूक आहे. या घराण्याच्या चढतीची पायरी प्रत्येक वेळी लग्न हीच होती: विंगफिल्ड, मग स्टॅफर्डच्या अर्लची मुलगी, आणि दुसऱ्या ड्यूकने तर चौथ्या एडवर्ड राजाची सख्खी बहीण केली. पैसा असला तर वरच्या घरात लग्न होत होतं. बाबासाहेबांनी 1916 मध्ये कोलंबियात वाचलेल्या निबंधात जातीचं मर्म दाखवलं, ते नेमकं इथेच: आपल्याच गटात लग्न, बाहेरची दारं बंद. इंग्लंडातल्या दाराला कुलूप होतं, पण किल्ली विकत मिळत होती. आपल्याकडे दाराच्या जागी भिंतच बांधली.

द ला पोल घराण्याचं पुढे काय झालं? राजाच्या बहिणीचा मुलगा, लिंकनचा अर्ल जॉन, तिसऱ्या रिचर्डचा वारस मानला जाऊ लागला. लोकरीच्या दुकानापासून सहाव्या पिढीत सिंहासनाच्या पायरीवर! तिथेच घात झाला. 1487 मध्ये तो स्टोकच्या लढाईत मारला गेला. एका भावाला आठव्या हेन्रीने 1513 मध्ये मारलं, दुसरा 1525 मध्ये पाव्हियाला फ्रेंचांकडून लढताना पडला, तिसरा जवळजवळ 37 वर्षं लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत राहून 1539 ला मेला. त्यांचा गुन्हा कोणता? त्यांच्या अंगात राजाचं रक्त होतं. आणि त्यांना संपवणारं ट्यूडर घराणं कोणाच्या पोटचं? त्याच मार्गारेट बोफर्टच्या, जिच्याशी लहानपणी यांच्या बापाचं लग्न लावून पुढे ते रद्द केलं होतं.

म्हणून त्या तरुण मित्राला माझं उत्तर असं. पूर्वजांचा इतिहास जरूर शोध. त्यांनी काय सोसलं, काय बांधलं, कशाविरुद्ध लढले, हे कळलंच पाहिजे. पण त्यांच्यात राजा सापडला म्हणून ताठ उभा राहू नकोस. राजाच्या पोटी जन्मल्याने माणूस मोठा होतो हे एकदा मान्य केलंस, तर नांगर धरणाऱ्याच्या, मेंढरं राखणाऱ्याच्या पोटी जन्मल्याने तो लहान होतो हेही तूच मान्य केलंस. ज्या तराजूने आपल्याला हजारो वर्षं कमी तोललं, त्याच तराजूत आता दुसऱ्या पारड्यात बसायचं की तराजूच मोडायचा? 1381 च्या त्या अडाणी शेतकऱ्यांनी स्वतःसाठी नवी वंशावळ मागितली नव्हती. त्यांनी दप्तर जाळलं होतं.